मागच्या दारातला समुद्र

गाडीच्या मागच्या उजव्या दारात समुद्र साचला, तर माणसाने भरवसा कुणावर ठेवावा? मेकॅनिकवर, की स्वतःच्या हातातल्या पान्यावर? घाईने उत्तर देऊ नका. उदगीरच्या मन्मथअप्पा हालग्यांनीही घाई केली नव्हती, आणि तरी त्यांचं उत्तर आधी चुकलंच.

अप्पांचं मीठ-साखरेचं ठोक दुकान. गाडी सात सीटची, डिझेलवरची, करड्या रंगाची, तेव्हा चौदा वर्षांची. घेतली त्या दिवसापासून तिच्या अंगाला परक्या माणसाचा हात लागलेला नव्हता. ब्रेक असो, पंख्याचा पट्टा असो, धुराची नळी असो, अप्पा दुकानामागच्या बोळात गोणपाट अंथरून सगळं स्वतः करत. शिकवलं कुणी नाही. उघडायचं, नीट बघायचं, आणि ज्या क्रमाने निघालं त्याच्या उलट क्रमाने बसवायचं, एवढंच त्यांचं शास्त्र. प्रत्येक कामाची नोंद लाल बांधणीच्या वहीत असायची. तारीख, काय बिघडलं, का बिघडलं, काय केलं, आणि शेवटचा रकाना: किती स्क्रू उरले.

एकदा हॉर्न बसवताना तीन स्क्रू उरले, आणि हॉर्न फक्त डावीकडे वळतानाच वाजू लागला. अप्पांनी वहीत लिहिलं, "हॉर्न आता वळणाची सूचना देतो." गावानेही ते मान्य केलं. तेव्हापासून डाव्या वळणावर त्या गाडीला कुणी आडवं आलेलं नाही.

तर त्या उन्हाळ्यात मागच्या उजव्या दाराची काच सुटून आत पडली. अप्पांनी हँडल काढलं, क्लिपा उचकटल्या, दाराचा आतला पुठ्ठा सोडवला आणि डोकावून पाहिलं. आत समुद्र होता. फार मोठा नव्हता, हातभर रुंद असेल, पण पलीकडचा काठ दिसत नव्हता. काच तळाशी दिसत होती. तिच्यावरून करंगळीएवढी एक लाट निवांत येत होती आणि पत्र्यावर फुटत होती. अप्पांनी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

कारण त्यांना तिथंच उमगलं. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला तीन भोकं असतात. तीन वर्षांपूर्वी, धूळ येते म्हणून, अप्पांनी ती एम-सीलने पक्की बुजवली होती. गाडी धुतलेलं पाणी आत उतरत गेलं. टेम्पो अडला की त्याच सीटवरून मिठाची पोती यायची, त्यांचा चुरा आत झिरपला. म्हणजे पाणी होतं, मीठ होतं, आणि तीन वर्षं कुणी ढवळलं नव्हतं. समुद्राला याहून जास्त काही लागत नाही.

भोकं बुजवताना त्यांच्या पत्नी गिरिजाबाई बोळाच्या दारात उभ्या होत्या.

"काय करालाव ओ?" त्यांनी विचारलं होतं.

"भोकं बुजवालोय. धूळ येते."

"बनवणाऱ्यानं ठेवलीत म्हणजे काही कारण असंल की."

"बनवणाऱ्याला उदगीरची धूळ माहीत नाही," अप्पा म्हणाले होते.

हे संभाषण अप्पांना शब्दन् शब्द आठवत होतं. म्हणून वही उघडल्यावर 'का बिघडलं' या रकान्यापाशी त्यांचा पेन थांबला. चौदा वर्षांत या रकान्यात "रस्ता" आला होता, "हवा" आली होती, "डिझेल" आलं होतं, एकदा तर "व्याही" आले होते. "मी" एकदाही आला नव्हता. अप्पांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, "मूळचाच दोष."

गिरिजाबाई चहा घेऊन आल्या. दारात वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"कशानं झालं?"

"कारखान्यातूनच तसं आलंय."

"चौदा वर्षं दिसलं नाही ते?"

"समुद्राला वेळ लागतो," अप्पा म्हणाले.

गिरिजाबाई फक्त "हं" म्हणाल्या. त्यांच्या "हं"ला अप्पा ब्रेक फेल होण्यापेक्षा जास्त भीत.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. गाडी घेतली त्या दिवशी अप्पा म्हणाले होते, "गिरिजा, ह्याच गाडीतून तुला समुद्र दाखवतो." गिरिजाबाईंनी त्याच आठवड्यात निळे रबरी स्लीपर आणले, वाळूत चालायला. मग गाडी बिदरला गेली, गुलबर्ग्याला गेली, लग्नांना गेली, बारशांना गेली. पश्चिमेला काही गेली नाही, दुकान सुटेना. स्लीपर पुढच्या सीटच्या मागच्या खिशात पिशवीसकट राहिले. गिरिजाबाईंनी विषय कधी काढला नाही. दर दिवाळीला गाडी पुसताना त्या पिशवी बाहेर काढायच्या, तिच्यावरची धूळ पुसायच्या आणि परत ठेवायच्या. अप्पा तेव्हा हटकून बॉनेटमध्ये डोकं घालून असायचे.

आता दुपारी काम आटपलं की गिरिजाबाई सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसू लागल्या. शेंगा फोडायच्या आणि दारात बघत राहायच्या. पुठ्ठा अप्पांनी परत बसवलाच नाही. भरती आली की काच आपोआप वर यायची, ओहोटीला खाली जायची, पौर्णिमेला पूर्ण बंद व्हायची. अप्पांनी नोंद केली, "काच चालू. वेळ पंचांगात पाहावी."

"नाव दिसालीय," एक दिवस गिरिजाबाई म्हणाल्या.

"केवढी?"

"तांदळाएवढी. पण लांब आहे म्हणून तसं. जवळ आल्यावर मोठी असंल."

अप्पांनी हे मनातल्या मनात तपासून पाहिलं. त्यात चूक सापडली नाही.

फाल्गुनात गाडीला पंधरा वर्षं भरली आणि फेरनोंदणीची तपासणी आली. नापास झाली तर गाडी मोडीत जाणार होती. अप्पा चहाचं निमित्त करून चौकातल्या अजीमभाई मेकॅनिककडे गेले. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच.

"माझ्या एका मित्राच्या गाडीत, दारात पाणी साचतंय," अप्पा म्हणाले.

"किती?"

"भरती-ओहोटी होण्याइतकं."

अजीमभाईंनी बशी खाली ठेवली. "मित्राने खालची भोकं बुजवली असतील, अप्पा. त्याला सांगा, स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढ. पाच मिनिटांत समुद्र रस्त्यावर."

"पाच मिनिटांत?"

"लहान असेल तर तीन. आणि मित्राला म्हणावं, पुढच्या वेळी स्वतःच ये. लाजू नको."

तपासणीच्या दिवशी सकाळी अप्पा स्क्रू ड्रायव्हर घेऊन दाराखाली आडवे झाले. वर सीटवर गिरिजाबाई आधीच येऊन बसल्या होत्या.

"काढालाव म्हणा," त्या म्हणाल्या.

"पासिंगचा प्रश्न आहे."

"काढा की. मी कवा नको म्हणलंय? बघून तर झाला."

"मग झालं तर."

"पाय तेवढे भिजवायचे राहिले. राहू द्या."

अप्पा तसेच पडून राहिले. कानाजवळ, पत्र्याच्या पलीकडे, लाट येत होती आणि जात होती. ती कुठल्याही घाईत नव्हती. थोड्या वेळाने अप्पा उठले, स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला, धोतराची धूळ झटकली आणि गाडी सुरू केली. वाटेत गतिरोधकावर समुद्र जरा खवळला, मग निवळला.

तपासणीचे साहेब मयेकर नावाचे होते. मूळचे समुद्रकाठचे, बदलीवर इकडे आलेले. त्यांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, गाडी डावीकडे वळवून हॉर्न ऐकला आणि लिहून घेतलं. मग मागच्या दाराशी वाकले आणि घड्याळात पाहिलं.

"ओहोटी आहे," ते म्हणाले.

"अकरापर्यंत राहती," गिरिजाबाई म्हणाल्या.

मयेकरांनी मान डोलावली आणि कागद चाळले. "नोंदणीत आसनं सात आहेत. समुद्राचा उल्लेख नाही. कसा आला?"

अप्पांनी वही पुढे केली. "मूळचाच दोष" हे साहेबांनी दोनदा वाचलं.

"मग अवघड आहे. दोष असेल तर तो दूर केल्याशिवाय गाडी पास होत नाही. पाणी इथंच सोडून द्या. भिंतीलगत गटार आहे."

"आणि दोष नसेल तर?"

"मालकाने स्वतःच्या हाताने केलेला बदल असेल, तर बदल म्हणून नोंद होते. मालकाचा जबाब लागतो. कोणी केलं, कशासाठी केलं, आणि त्या वेळी कुणी हरकत घेतली होती का. हरकत लपवलेली आढळली तर अर्ज बाद."

अप्पांनी गटाराकडे पाहिलं. मग गिरिजाबाईंकडे पाहिलं. त्या दारात बघत होत्या, या बोलण्याशी आपला काही संबंध नसल्यासारख्या. अप्पांनी वही बॉनेटवर ठेवली. "मूळचाच दोष" यावर एक आडवी रेघ मारली आणि लिहू लागले.

"मोठ्याने वाचा. जबाब आहे," मयेकर म्हणाले.

"भोकं मी बुजवली," अप्पा वाचू लागले. "धूळ येते म्हणून बुजवली. पत्नीने हरकत घेतली होती." इथं ते थांबले, पेन पुन्हा टेकवला. "तिचं बरोबर होतं."

"शेवटच्या वाक्याची नियमात गरज नाही."

"राहू द्या," अप्पा म्हणाले.

"तारीख घाला," आतून गिरिजाबाई म्हणाल्या.

अप्पांनी तारीख घातली. मयेकरांचा एकच प्रश्न उरला होता. "किनारा आहे का? किनारा नसेल तर आम्ही समुद्र धरत नाही, टाकी धरतो." गिरिजाबाईंनी दाराच्या आतल्या पत्र्याची पायरीसारखी कड दाखवली. तिच्यावर दोन चमचे वाळू होती आणि जिऱ्याएवढा एक शिंपला. साहेबांनी वाळू चिमटीत धरली, जरा जास्तच वेळ धरली, आणि जिथल्या तिथं परत ठेवली. मग कागदावर लिहिलं, "आसनं सात, समुद्र एक," आणि शिक्का मारला.

परतताना अप्पा सावकाश चालवत होते. अकरा वाजून गेले होते, काच वर यायला लागली होती. मागून पिशवीची सळसळ ऐकू आली. आरशात त्यांना दिसलं की गिरिजाबाईंनी निळे स्लीपर काढले, पायात घालून पाहिले, मग परत काढून हातात धरले. पातळाचा काठ वर खोचला आणि दोन्ही पाय दारात सोडले.

"कसं आहे?" अप्पांनी विचारलं.

"गार आहे. हळू चालवा, नाव जवळ आलीय."

"केवढी झाली?"

"शेंगेएवढी."

पुढे बाजारपेठेचं डावं वळण आलं. अप्पांनी गाडी वळवली, हॉर्न वाजला. मागच्या दारातून नावेने भोंगा वाजवून उत्तर दिलं.

तर मंडळी, तुम्हीही आपली गाडी आपल्या हाताने उघडत असाल, तर एक वही जरूर ठेवा. काय काढलं, काय बसवलं, किती उरलं, सगळं मांडत चला. आणि 'का बिघडलं' या रकान्यात कधी आपलंच नाव घालायची वेळ आली, तर तेवढा हिशोब खरा ठेवा, ही विनंती. तारीखही घाला.