टोपलीचा परवाना

"ताई, आज परवाना ठरला नाय, तर किंजल मॅडम हातातून गेल्या!" बोईसरच्या एका खोलीच्या ऑफिसात येरझाऱ्या घालत दिपेश म्हणाला.

हेमाली आणि दिपेश या भावंडांनी ‘टोपली’ नावाचा प्रोग्राम बनवला होता. बोट किनाऱ्याला लागली की कोणती मासळी किती आली आणि कुठल्या व्यापाऱ्याकडे गेली, हे त्यावर दिसे. नवापूरच्या बोटींनी तो वापरून पक्का केला होता. आता तो ओपन सोर्स करायचा, प्रोग्राम सर्वांना फुकट द्यायचा आणि पैसे देखभालीचे घ्यायचे, असा बेत होता. पालघरच्या किंजल मॅडमचं कोल्ड स्टोरेज हे पहिलं मोठं गिऱ्हाईक. त्यांना संध्याकाळपर्यंत परवाना, म्हणजे प्रोग्राम वापरण्याच्या अटी, वाचायला हव्या होत्या.

"एमआयटी परवाना लाव," दिपेश म्हणाला. "घ्या, बदला, विका, फक्त आमचं नाव ठेवा. विषय संपला."

"आणि कोणी चार सुधारणा करून, कुलूप लावून, आपल्याच गावाला विकला तर? जीपीएल लावायचा. बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात, तर त्याचा कोडही द्या."

"जीपीएलला मॅडम तोंडावर नाय म्हणाल्यात!"

वाद मिटेना, म्हणून दिपेशने नवापूरला वडिलांना फोन लावला. ही चूक झाली.

"आपली वस्तू गावाबाहेर द्यायची आनि गावाला विचारायचं नाय?" कमलाकांत कडाडले. "लॅपटॉप घेऊन ये. सोसायटीत बसू."

दिपेश पोचला तेव्हा मच्छीमार सोसायटीची शेड गच्च भरली होती. त्याने परवान्याची फाईल उघडून दोन्ही पर्याय समजावले. गावाला दोन्ही मिळमिळीत वाटले.

"बोंबलाला बोंबीलच म्हनायचं," जमनाआत्या म्हणाली. ती कमलाकांतांची बहीण, आणि मासळी बाजारात तिच्या आवाजापुढे कोणाचा टिकत नसे. "विंग्रजी नाव टाकलं की परत घ्यायचा."

"लिव रे," कमलाकांत म्हणाले.

"नारळी पुनवेला बंद ठेवायचा!" मागून कोणी ओरडलं.

"पलीकडच्या गावाला द्यायचा नाय!"

"काका, ओपन सोर्समदी कोनाला वगळता येत नाय," दिपेश काकुळतीला आला.

"मग दे. पन रोज आमच्या गावाचं नाव घेऊनच चालू करायचा."

"आनि बदल केला तर इथं येऊन दाखवायचा," आत्या म्हणाली. "सगळ्यांसमोर. उभं राहून."

मान राखायचा म्हणून दिपेश लिहीत गेला. गाव रंगात आलं. दिवे लुकलुकले, वीज जाणार असं वाटलं, म्हणून त्याने पटकन फाईल सेव्ह केली.

संध्याकाळी वेळ जाऊ नये म्हणून हेमालीने सकाळीच, दिपेशला न सांगता, एक सोय करून ठेवली होती. परवान्याची फाईल सेव्ह झाली की ती आपोआप वेबसाइटवर चढे आणि मॅडमना मेसेज जाई.

बोईसरला हेमालीचा फोन वाजला.

"हेमाली, आमचे वकील विचारतायत, नारळी पौर्णिमेला माल कोणी सांभाळायचा? आणि नवापूरला उभं कोणी राहायचं? मी की ते?"

हेमालीने वेबसाइट उघडली, तर तिथे गावाची सगळी कलमं. "मॅडम, चुकून कच्चा मसुदा गेला! खरा आत्ता टाकते."

भावाला विचारायला वेळ नव्हता. तिने डोळे मिटून जीपीएल चढवला आणि फोनकडे बघत बसली. तो लगेच वाजला.

"एवढंच? दुसऱ्याला दिला तरच कोड द्यायचा?"

"एवढंच."

"पौर्णिमेला चालू?"

"चालू."

"उभं राहायचं नाही?"

"बसून वापरा, मॅडम."

"मग मंजूर! वकील म्हणतायत, पुन्हा बदलायच्या आत सही करून टाका."

हेमालीने फोनवर इतक्या जोरात बातमी सांगितली की दिपेशला ती शेडला वेगळी सांगावी लागली नाही. शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या. मग आत्याने विचारलं, "आमचं काय काय ठेवलं?"

"एकपन कलम नाय, आत्या."

आत्याने लॅपटॉपवर बोट ठेवलं.

"ऱ्हाव दे. पन ती फाईल पुसू नको. पुढच्या गिऱ्हाइकाला आदी हीच दाखवायची."