घरगुती निष्कर्ष

चिकटपणा हा दोष आहे.

सासूबाईंना गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नाही.

चकाकी लांबून दिसते.

बढती एकच आहे.

खुर्च्यांच्या कारखान्यात वितळलेले प्लास्टिक चिकटपणामुळे फार संथ वाहते, ही बाब व्यवस्थापक साहेबांनी गांभीर्याने घेतली. उपाय उपलब्ध होता. एक्स्ट्रूडर या वितळवणाऱ्या यंत्राच्या तापलेल्या नळीत, फिरत्या स्क्रूंमध्ये प्लास्टिक वितळत असतानाच पेरॉक्साइड नावाचे रसायन चिमूटभर सोडायचे. त्याने प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटतात, लगदा पातळ होतो आणि साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात पळतो. खुर्ची हलकी, चकचकीत निघाली. साहेब खूश झाले. चिमटीची मूठ झाली, मुठीचे घमेले.

"साहेब, आता साखळ्यांचा भुगाच उरलाय," प्रयोगशाळेतल्या तपासनीस बाई म्हणाल्या. "पाय काडकन मोडतो."

"वाहतं कसं?"

"पाण्यासारखं."

"मग झालं तर. तुमचं काम वाहणं मोजायचं."

"आणि मजबुती?"

"ती ग्राहक मोजतात. बढतीसाठी तुमचंच नाव पुढे आहे, बाई. जरा शुभ बोला."

बाई शुभ बोलल्या. अधिकृत निष्कर्ष: प्रवाहीपणा उत्तम. माल बाजारात गेला.

बढतीची बातमी द्यायला साहेब स्वतः बाईंच्या घरी आले. सोबत भेट म्हणून एक नवी खुर्ची. सासूबाईंनी ती लगेच त्यांच्याच पुढे सरकवली.

"बसा ना, साहेब."

"नको, मावशी. मी उभाच बरा. पाठीला चांगलं असतं."

"बाहेर वाट बघत होतात तेव्हा कट्ट्यावर बसला होतात की."

"म्हणूनच आता उभा आहे."

"बरं, मग मीच टेकते. माझे गुडघे काही साहेब नाहीत."

सासूबाईंनी मागे हात नेऊन खुर्चीची दांडी चाचपली. बढती अजून साहेबांच्या तोंडातच होती. बाई झेपावल्या.

"आई, बसू नका. मोडेल."

साहेबांनी भुवई उचलली. "हा अधिकृत निष्कर्ष समजायचा का, बाई?"

बाईंनी सासूबाईंचा दंड घट्ट धरला होता.

"नाही, साहेब. घरगुती."

"छान. अभिनंदन."

सासूबाईंनी आळीपाळीने दोघांकडे पाहिले. "मग या खुर्चीचं करायचं काय?"

"पाहुणे येतात ना?" साहेब म्हणाले.

दुकानात खुर्ची घेताना तुम्ही ती करंगळीने उचलून पाहिली होती. बसून पाहिली नव्हती.