पाच अक्षरी मेश्रामभाऊ

सकाळी फाटकावर टिक-टिक वाजलं आणि दार उघडल्यावर समोरच्यानं नमस्कार न करता "मधी ए, शेवटी वाय, पाच अक्षरी. आहे का मॅडम?" असं विचारलं, तर ते मेश्रामभाऊ. सुटे पैसे मागावेत तसे ते शब्द मागतात. नाही म्हटलं तर रागावत नाहीत. "बरं, पुढं सरका," म्हणतात आणि स्वतःच पुढच्या घरी सरकतात.

भाऊ एसटीत कंडक्टर होते. भंडारा डेपोत लागले, भंडारा डेपोतच निवृत्त झाले. मधे जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हापासून "माही अर्धी लाईन परदेशात गेली" हे त्यांचं ठरलेलं वाक्य आहे. खाकी उतरली, पण तिकिटाला भोक पाडायचा चिमटा खिशात राहिला. विचार करताना तो ते आमच्या फाटकावर वाजवतात. फाटकाचा रंग तिथे उडाला आहे.

या शब्द मागण्यामागे एक खेळ आहे. मोबाईलवर रोज एक इंग्रजी शब्द ओळखायचा, सगळ्यांना तोच. शब्द पाच अक्षरांचा, आणि संधी सहा, म्हणजे सहा ओळी. अक्षर नेमक्या जागी पडलं तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नसलंच तर राखाडी. हे मला भाऊंनीच समजावलं. "हिरवा म्हणजे सीट भेटली. पिवळा म्हणजे उभा पॅसेंजर. राखाडी म्हणजे, चाल, उतर खाली."

त्यांचा पहिला शब्द रोज एकच असतो. डी-ई-पी-ओ-टी, डेपो. "गाडी डेपोतूनच सुटते ना जी?" असा बिनतोड सवाल.

चौकात पितळी भांड्यांचं दुकान असलेले शेंडेभाऊ एकदा सुचवून बसले, "टी-आर-ए-आय-एन टाकत जा. ट्रेन. अक्षरं चांगली आहेत."

भाऊ उखडले. "ट्रेनचं नाव नाही काढाचं! धावत येणाऱ्या माणसासाठी थांबते काय ते? मी कारध्याच्या पुलापाशी भरली गाडी उभी केली आहे. काहून? तं एक बाई दह्याचं गाडगं घेऊन येऊन राहिली होती. पॅसेंजर दिसत असला तं मी बेल मारत नव्हतो."

खेळाच्या दुसऱ्या टोकाला होत्या त्यांच्या पत्नी, इंदुताई. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या पुण्याला गेल्या आणि मुलीची रजा संपल्यावर बाळासाठी तिथेच राहिल्या. भाऊही गेले होते, पण चार दिवसांत परतले. "बाकी सारं ठीक आहे मॅडम, पण लिफ्टमंदी कोणी बोलतच नाही. एवढे पॅसेंजर अन् सारे मुके!"

मग मुलीनं दोघांना हा खेळ शिकवला आणि त्यांनी त्यावर पैज लावली. ज्याचा शब्द आधी चुकेल, त्यानं दुसऱ्याकडे कायमचं राहायला जायचं. भाऊ चुकले तर पुणं, इंदुताई चुकल्या तर भंडारा. मदत कुणाचीही घ्यावी, एकमेकांना मात्र उत्तर सांगायचं नाही. कित्येक महिने दोघंही चुकेनात. भाऊंनी गल्ली सोडून जावं असं कुणालाच वाटत नव्हतं, म्हणून कणीक मळता मळता आम्ही शब्द आठवत होतो.

मला रोजचा गोंधळ सोसत नाही. एका रविवारी बसून मी वायनं संपणारे, एसनं सुरू होणारे, दोन 'ओ' असलेले, असे पाच अक्षरी शब्दांचे तक्ते केले आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून भाऊंना दिले. संध्याकाळी पिशवी परत आली.

"काम एकदम फर्स्टक्लास आहे मॅडम. पण तिकिटं आधीच फाडून ठेवली, तं पॅसेंजरशी बोलाचं कायच्यासाठी?"

मी पिशवी कपाटात ठेवली.

पुढे एके दिवशी शब्द मोठा चिवट आला. सुरुवातीला आर, शेवटी आर. दुपारपर्यंत भाऊंची एकच ओळ उरली. चिमटा वाजवत ते कारध्याच्या पुलापर्यंत पायी गेले आणि तिथून ऑटोनं परत आले. मी शेंडेभाऊंच्या दुकानात पाण्याचा पितळी गुंड कल्हईला टाकायला गेले होते.

"आर-आय-व्ही-ई-आर!" भाऊ दारातूनच ओरडले. "रिव्हर! जिंदगीभर वैनगंगेवरून गेलो, अन् आज खाली पाह्यलं तेव्हा आठवलं!"

ते शब्द टाकणार तोच फोन वाजला. इंदुताई. भाऊ फोन नेहमी स्पीकरवर घेतात.

"झाला काय जी तुमचा?"

"होऊन राहिला. तुहा?"

"एकच ओळ आहे. काही सुचून नाही राहिलं. बाळाले ताप आहे, पोरगी ऑफिसात. मांडीवरून खाली ठेवलं की रडते."

शेंडेभाऊंनी तोंडावर बोट ठेवून भाऊंना खूण केली. चूप राहा, वहिनी हरतात, परत येतात.

"हरले तं यीन जी मी," इंदुताई म्हणाल्या. "शब्द देला आहे. पोरीचं काय कराचं ते पाहीन."

"तू थांब," भाऊ म्हणाले. "टाकू नको काही. आधी माही गाडी जाऊ दे."

फोन ठेवून त्यांनी एका बोटानं पाच अक्षरं दाबली. टी. आर. ए. आय. एन.

"अहो भाऊ!" शेंडेभाऊ किंचाळलेच. "टी तं डेपोतच उतरला होता ना! अन् रिव्हर माहीत असून..."

"माहीत आहे."

भाऊंनी परत फोन लावला. "इंदू, हरलो."

"खोटं नका बोलू! अख्खा भंडारा हाताशी असून हरले?"

"नाही सुचला. सारेच ढ आहेत इथं," असं म्हणून त्यांनी आमच्याकडे पाहायचं टाळलं.

पलीकडे बाळ रडत होतं. मग इंदुताईंचा आवाज आला, "मंग येता?"

"आता काय, पैज आहे ना."

"येताना लाखोरीची डाळ आणजा. इथं भेटत नाही."

फोन बंद झाला. शेंडेभाऊ पुसलेलाच गुंड पुन्हा पुसू लागले. भाऊ माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुम्ही लिस्टा चांगल्या करता. पुण्याले न्यायच्या सामानाची एक करून द्या."

मी पर्समधून कागद काढला. डाळ लिहिली आणि पुढे काय, म्हणून विचारलं.

त्यांनी खिशात हात घालून चाचपून पाहिलं.

"चिमटा लिहा," ते म्हणाले. "त्या लिफ्टमंदी लागन."