गोंदवाल्या सिस्टर आणि शीतलची हनुवटी

आमच्या शेजारच्या सिस्टर भेटल्या की आधी नमस्कार करत नाहीत. आधी तुमचे हात बघतात, मग कोपर, मग कपाळ. कुठं काहीच सापडलं नाही तर त्यांचा चेहरा उतरतो. "कापलं-बिपलं नाय का कुठं?" असं इतक्या आशेनं विचारतात, की वाटावं, जाऊ द्या, आज कांदा चिरताना यांच्यासाठी जरा बोट पुढं करावं.

नाव शकुंतलाबाई, पण पडेगावच्या आमच्या कॉलनीत त्यांना 'सिस्टर' सोडून कुणी काही म्हणत नाही. उभा जन्म ऑपरेशन थिएटरात गेला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी पर्समध्ये किल्ल्या, बडीशेप आणि औषधी गोंदाची बोटाएवढी कुपी असतेच. लहानसहान जखम टाके न घालता चिकटवायचा तो गोंद. टाक्यांवर त्यांचा भारी राग. "सुई गोधडीला. माणसाला कशाला?"

आता बाई बेफिकीर आहेत असं समजू नका. कुत्रं चावलेलं, खोल गेलेलं, गंजक्या पत्र्यानं फाटलेलं काही आलं, की त्या कुपीला हातही लावत नाहीत. "हे माझं काम नाय. दवाखाना गाठ, अन् धनुर्वाताचं इंजेक्शन घे." बाकी जखम मात्र नळाखाली इतका वेळ धुतात की पेशंटला आंघोळ केल्यासारखं वाटतं. मग रक्त थांबेपर्यंत दाबून धरायचं, दोन बोटांनी कडा जुळवायच्या आणि गोंद लावायचा. "वरून लावायचा, आत नाय!" हे वाक्य आमच्या गल्लीत बारक्या पोरांनाही पाठ आहे. कुणी फुंकर मारली तर संपलंच. "फुंकू नको! तोंडात काय कमी जंतू हायेत?"

एकदा एका रिक्षावाल्यानं बोट कापल्यावर स्वतःच चपला चिकटवायचं सोल्युशन लावलं आणि मोठ्या कौतुकानं सिस्टरांना दाखवायला आला. पाऊण तास त्याची हजेरी चालली होती. "अरे, तू माणूस हायेस का कोल्हापुरी चप्पल?" शेवटी स्वतःच त्याच्या रिक्षात बसून त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या.

त्यांच्या हातून चूक होत नाही, असं मात्र नाही. भाजीवाल्या सलीमभाईंच्या कपाळाला गाड्याच्या छपराची कड लागली, तेव्हा घाईत हातमोजे राहिले. गोंद लागला, जखम मिटली आणि सिस्टरांचं बोट सलीमभाईंच्या कपाळालाच चिकटलं. भर चौकात दोघं तसेच उभे. सलीमभाई म्हणाले, "सिस्टर, अब घर तक साथ चलो. बीवी को तुम ही समझाओ." मी धावत जाऊन व्हॅसलीन आणलं. बोटाभोवती हळूहळू चोळल्यावर बोट सुटलं. तेलकट काही लागलं की हा गोंद सुटतो, हे त्या दिवशी साऱ्या कॉलनीला कळलं.

आणि हेच पुढं आमच्या गळ्याशी आलं.

माझ्या मुलीचं, शीतलचं, लग्न ठरलं. हळदीच्या दोन दिवस आधी नवऱ्यामुलाचा फोन आला म्हणून ती धावत गच्चीवर निघाली, मांडवाच्या दोरीत पाय अडकला आणि हनुवटी पायरीवर आपटली. नखाएवढी चीर, पण रक्त पाहून हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, टाहो फोडला. सिस्टर पाच मिनिटांत हजर. चीर अशी मिटवली की शीतल आरशात बघून हसली. सिस्टर मात्र एकदम थबकल्या.

"हळद कधी हाय?"

"परवा."

"हळदीत तेल घालता?"

"घालतातच की. उष्टी हळद कन्नड गावाहून येणार, नवरदेवाकडून. त्यांनी आधीच तेलात कालवलेली असणार."

"मग तेलानं गोंद सुटणार, हनुवटी उघडणार अन् पोरगी अक्षतांना हनुवटीपासून डोक्यापर्यंत टोपीसारखी पट्टी बांधून उभी राहणार. चालंल?"

हिला चालण्यासारखं नव्हतं. पण नवरीला हळद न लावणं तिला त्याहून चालण्यासारखं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "सिस्टर, मग तुम्हीच येऊन तिच्याजवळ उभ्या राहा."

सिस्टरांनी पर्स मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "मी? हळदीला?"

तेव्हा मला आठवलं. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत त्यांचे मालक गेले. नर्सिंग शिकल्या त्या त्यानंतर. तेव्हापासून कुणाच्या हळदीला, ओटीला बोलावलं की त्या म्हणायच्या, "नाय जमणार, ड्यूटी हाय." निवृत्तीनंतरही सहा वर्षं त्या ड्यूटीवरच होत्या, आणि आम्ही सगळे ते बिनबोभाट खरं मानत होतो. मला माझीच लाज वाटली.

"ड्यूटी म्हणूनच या," ही म्हणाली.

आल्या. पांढरी साडी, हातात मोजे, शीतलच्या हनुवटीवर कोरड्या गॉजची घडी धरून सीमेवरच्या जवानासारख्या उभ्या. करवल्यांची काय टाप होती पुढं यायची! "गाल घ्या, कपाळ घ्या, हात-पाय घ्या. हनुवटीला बोट लावाल तर याद राखा." पैठणच्या मावशीनं मूठभर हळद घेऊन वाकून बघितलं, तर सिस्टर ओरडल्या, "बोट खाली!" मावशीनं दचकून हळद स्वतःच्याच नथीला लावून घेतली.

मावशी तापली. "अगं, पण ही बाई कोण? हळदीच्या जागी अशी..." पुढं बोलली नाही, पण वाक्य सगळ्यांना कळलं. बायकांची गाणी थांबली. सिस्टरांनी गॉजची घडी माझ्या बायकोच्या हातात दिली आणि मागं सरकल्या.

शीतलनं त्यांचा पदर धरला. "सिस्टर, सगळीकडं लागली, हनुवटीच्या कडेनं राहिली. तिथं तुम्ही लावा. पाण्यात कालवून. मला मावशीच्या बोटाचा भरवसा नाय."

"येडी का तू? माझ्या हातानं नसती लावत."

"परवा ह्याच हातानं जोडली ना हनुवटी? तेव्हा चालला हात?"

मग हिनंच वाटीत कोरडी हळद घेतली, पाणी घातलं आणि वाटी सिस्टरांपुढं धरली. सिस्टरांनी मोजे काढले. करंगळीनं, चीर चुकवून, इतक्या हळू हळद लावली, जणू जखमेहून नाजूक काही समोर होतं. लावून झाल्यावर शीतलनं वाटीत बोटं बुडवली आणि त्यांच्या दोन्ही गालांना फासली.

सिस्टर तिथंच, बायकांमध्ये, सतरंजीवर बसल्या. मावशी थोडी सरकली, जागा करून दिली आणि मोठ्यानं गाणं उचललं. जरा वेळानं ही ओला नॅपकिन घेऊन गेली, त्यांचे गाल पुसायला. सिस्टरांनी तिचा हात हलकेच बाजूला केला.

"राहू दे गं जरा," त्या म्हणाल्या.