हिरवळीवर एकदा पडायचं होतं

तापीकाठ ज्येष्ठ फुटबॉल मंडळ, जळगाव, या नोंदणीकृत संस्थेने आपल्या विशेष सभेत असा ठराव मंजूर केला की, मंडळाच्या संघाने परदेशात जाऊन किमान एक सामना खेळावा. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. विरोध करायला तोंड मोकळं लागतं आणि सभेत त्या वेळी शेवभाजी सुरू होती.

या ठरावाने खरा हलला तो एकच माणूस, मंडळाचा गोलरक्षक हारुन पिंजारी. बाजारपेठेत त्याचं गाद्यांचं दुकान. अख्ख्या गावाला लोळायची सोय करून देणारा हा माणूस स्वतः मात्र मैदानावर कधी पडला नव्हता. कारण आमचं मैदान मुरमाचं. त्यावर उडी मारली की गोल वाचो न वाचो, कोपराचं सालपट हमखास निघायचं. त्यामुळे हारुनने आजवरचे सगळे गोल उभ्याने खाल्ले. चेंडू डावीकडून आत गेला की तो डावीकडे अशा काही दुःखाने बघायचा, की लोकांना वाटावं, बिचाऱ्याने जिवाचं रान केलं. आता गुडघा कुरकुरत होता आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की, काय खेळायचं ते यंदा खेळून घ्या.

"एकदाच, सलीमा," तो बायकोला म्हणाला. "खऱ्या गवतावर, अशी आडवी उडी मारायची. चेंडू अडला नाही तरी चालेल."

"पडायला ताश्कंदला कशाला जायला पाहिजे?" सलीमा म्हणाली. "लोक बाथरूममध्ये पडतात. फुकट." पण हातमोजे तिनेच धुऊन, वाळवून, त्याच्या कोटाच्या खिशात ठेवले.

ताश्कंद ठरायचं कारण पुनम. मंडळाचे अध्यक्ष अभिमन आबा पाटील यांची ही नात तिथे डॉक्टरकी शिकत होती. तिने तिथल्या ज्येष्ठांच्या एका संघाशी बोलून तीन सामने पक्के केले. मग नियोजन समिती बसली, आणि समितीत एक वाक्य उच्चारलं गेलं. "एवढं लांब जातोच आहोत तर..."

या वाक्याला आमच्याकडे कायद्याचं बळ आहे. एवढं लांब जातोच आहोत तर बाजार बघावा, म्हणून तीनचे दोन सामने झाले. डोंगरातला रोपवेही बघावा, म्हणून एक उरला. बघायचंच आहे तर घरच्यांनी काय पाप केलंय, म्हणून आबांच्या सौभाग्यवती झुंबरबाई आणि इतर मंडळी यादीत आली, आणि तेवढे खेळाडू यादीतून गेले. अकराचा संघ सातांचा झाला. त्या सातांतली एक जागा धुळ्याच्या स्वप्नील बोरसे सरांना मिळाली. सरांनी चेंडूला जन्मात पाय लावला नव्हता, पण ते उत्तर महाराष्ट्रातले नामवंत सूत्रसंचालक होते.

"सूत्रसंचालकाचं काय काम, आबा?" हारुनने विचारलं.

"मग सामना सुरू कोण करी?" आबांनी आश्चर्याने विचारलं.

सामानाचं वजन करताना पुन्हा पेच आला. कळण्याच्या भाकरीचं पीठ, पापड, शेव, लोणचं हे तर जीवनावश्यक. प्रतिस्पर्धी संघाच्या सत्काराच्या शाली, टोप्या, नारळ हे तर मंडळाच्या अब्रूचं. उरले बूट. ते घरी राहिले. हातमोजे खिशात होते म्हणून वाचले.

ताश्कंदला सामन्याच्या दिवशी मैदान दुपारी दोन तासांसाठी मिळालं होतं. हारुन सकाळपासून तयार. पण आधी बाजार झाला. तिथे झुंबरबाईंनी खरबुजाचा भाव मराठीत पाडून दाखवला. मग मंडळी मेट्रोत बसली. तिथली स्टेशनं म्हणजे झुंबरं, खांब, नक्षी, एकापेक्षा एक. शिवाय बाहेर न पडता कितीही वेळा उतरलं तरी तिकीट तेच, हे पुनमच्या तोंडून निघून गेलं. झालं! आबा पहिल्याच स्टेशनवर उतरले. आबा उतरले म्हणून सगळे उतरले. फोटो झाला. पुढची गाडी, पुढचं स्टेशन, पुढचा फोटो.

"आबा, मॅच!" हारुन रडकुंडीला आला.

"मॅच काय पळी जास? बठ्ठं नियोजनमा शे," आबा म्हणाले, म्हणजे सगळं नियोजनात आहे, आणि पुढच्या खांबाला टेकून उभे राहिले.

मैदानावर पोचले तेव्हा अर्धा वेळ सरला होता. यजमान संघ अंगावरचा घाम वाळवत बसला होता. त्यांचे पांढऱ्या केसांचे कर्णधार रुस्तम पुढे आले आणि छातीवर हात ठेवून वाकले. हारुनने हातमोजे चढवले. पायाखाली गवत होतं. त्याने चपलेतून अंगठा बाहेर काढून ते दाबून पाहिलं. त्याच्या दुकानातल्या एक नंबर कापसाइतकं मऊ. त्याचे डोळे भरून आले. आता फक्त शिट्टी वाजायची होती.

शिट्टीऐवजी माईक वाजला. "हॅलो, हॅलो, चेक," बोरसे सर म्हणाले.

प्रास्ताविक झालं. पाहुण्यांचा परिचय झाला. खरे पाहुणे आपणच, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. शाल, टोपी, नारळ. मग आबांचं मनोगत, खजिनदारांचं मनोगत. हा भारतीयांचा काही धार्मिक विधी असावा असं समजून यजमान मान खाली घालून उभे राहिले. पुनमने सुरुवातीला भाषांतर केलं. नंतर कुणी विचारलं की ती एवढंच सांगायची, "अजून बोलताहेत."

गोलच्या दांड्याजवळ हारुन जळत होता. काय माणसं आहेत! यांना दोन शब्द सांगितले की दोनशे बोलतात. खेळायला आलोय की बारशाला? आपल्या हातात माईक असता तर एकच वाक्य म्हटलं असतं, चला, खेळू या.

"आणि आता," बोरसे सरांचा आवाज घुमला, "आपले लाडके गोलरक्षक हारुनभाई दोन शब्द व्यक्त करतील!"

हारुन तरातरा गेला. खांद्यावर शाल पडली, टोपी बसली, डाव्या हातात नारळ आला, उजव्या हातात माईक आला. ते एकच वाक्य ओठांवर होतं. समोर टाळ्या झाल्या. तो घसा खाकरून म्हणाला, "खरं तर मी काही वक्ता नाही..."

अहो, हे वाक्य म्हणून जो थांबला, असा माणूस खानदेशात अजून जन्माला यायचाय. हारुन मुरमाबद्दल बोलला. कोपरांबद्दल बोलला. ज्यांनी पहिला चेंडू दिला त्या उस्तादांबद्दल बोलताना रडला. सर्वांचे आभार मानले, मग कुणी राहिलं तर नसेल या भीतीने पुन्हा पहिल्यापासून मानले. बोलताना इतकं गोड वाटत होतं! थांबून पाहिलं तेव्हा मैदानाचा व्यवस्थापक घड्याळ दाखवत होता आणि नंतरच्या वेळेचा शाळकरी संघ बूट बांधून रांगेत उभा होता.

रुस्तमनी व्यवस्थापकाच्या दंडाला धरून काहीतरी विनवलं. एक पेनल्टी मारू देतो, व्यवस्थापक म्हणाला. एकच.

हारुन धावत गोलमध्ये गेला. नारळ गवतावर ठेवायला वाकला, तोच बोरसे सर ओरडले, "हां हां! सत्काराचा नारळ खाली ठेवत नसतात!" बरोबरच होतं. त्याने तो काखेत धरला. शाल सरकली, ती सावरली. रुस्तमनी हा सगळा थाट पाहून चेंडू प्रेमाने, नातवाला द्यावा तसा हळू, डावीकडे ढकलला. गवतावरून तो रांगत आला. हारुनचे गुडघे वाकले. आयुष्यभराची उडी गुडघ्यात येऊन थांबली.

"हारुनभाई, इकडे! कॅमेऱ्यात बघा!" उजवीकडून आपल्यातलंच कुणीतरी ओरडलं.

हारुनने वळून बघितलं आणि हसला.

जळगाव स्टेशनवर ढोल होते. 'परदेशी मैदानावर झुंजार लढत, केवळ एका गोलने पराभव' असा फलक होता. पुन्हा सत्कार झाला. घरी सलीमाने पाणी दिलं, कोपर उलटंसुलटं करून पाहिलं.

"मग? पडलात का एकदाचे?"

"अगं, शाल होती ना अंगावर," हारुन म्हणाला. "मळली असती." कोरे हातमोजे सलीमाने परत कपाटात ठेवले. हारुनने मोबाईल काढून तो फोटो तिला दाखवला. फोटो फारच सुरेख आलाय. हसरा चेहरा, शाल, काखेत नारळ, आणि मागे जाळीत थांबलेला चेंडू.

तुम्हाला हसू येत असेल तर खुशाल हसा. फक्त आधी आपल्या मागच्या सहलीचे फोटो उघडा. तुमच्या पाठीमागे जे दिसतंय ना, ते तुम्ही तेव्हा वळून बघितलं होतं का, तेवढं सांगा.