अठ्ठेचाळिसावा अंक

‘कंदीलवाला’ या चित्रकथेचा अठ्ठेचाळिसावा अंक कुणी काढलाही नव्हता आणि छापलाही नव्हता. कोल्हापूरच्या प्रतवारी केंद्राने त्याला दहापैकी साडेसात गुण दिले. ‘अंक सध्या कोठे आहे’ या रकान्यात केंद्राने लिहिलं होतं : श्रीमती अंजनाबाई केरबा सुतार, वय एकोणऐंशी, शिवाजी पेठ, यांच्या स्मरणात. एकच प्रत.

पत्र इचलकरंजीला भूपाल मगदूम यांच्या घरी मंगळवारी आलं. मगदूमांनी ते दारातच उभ्याने दोनदा वाचलं आणि मग आत येऊन बायकोला म्हणाले, “सापडला.”

पद्मल भाकरी थापत होती. “किती गुण?” तिने विचारलं.

“साडेसात.”

“पास झाला म्हणायचा,” ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

मगदूमांनी एकतीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात कापड तपासण्याचं काम केलं होतं. उजेडाच्या टेबलावरून ठाण सरकत जायचं आणि कुठे धागा तुटलाय, कुठे तेलाचा डाग पडलाय ते त्यांनी हेरायचं. कारखाना बंद पडला, पण नजर तशीच राहिली. ‘कंदीलवाला’चे सत्तेचाळीस अंक त्यांनी याच नजरेने गोळा केले होते. प्रत्येक अंक केंद्रात तपासून, गुण लावून, पारदर्शक प्लॅस्टिकच्या कडक पेटीत सीलबंद करून आणलेला. अशी पेटी पुन्हा उघडायची नसते. उघडली की गुण गेले. त्यामुळे पुढच्या खोलीतल्या फळीवर सत्तेचाळीस मुखपृष्ठं रांगेने दिसत आणि आतली पानं मगदूमांनी कित्येक वर्षांत पाहिलेली नव्हती.

कंदीलवाला हा एक बिननावाचा माणूस. दिवस मावळला की तो कंदील घेऊन निघायचा आणि दर अंकात वाट चुकलेल्या एकाला त्याच्या घरापर्यंत पोचवायचा. कधी यात्रेत हरवलेली पोर, कधी सैन्यातून परतलेला आणि गावच बदललेलं पाहणारा शिपाई, एकदा तर एक म्हैस. सत्तेचाळिसाव्या अंकाच्या शेवटच्या चौकटीत तो एका तिठ्यावर एकटाच उभा होता आणि खाली लिहिलं होतं : ‘पुढील अंकी समाप्त. कंदीलवाला स्वतःच्या घरी जातो.’ त्यानंतर चित्रकार केरबा पेंटर वारले आणि अंक बंद झाला. मगदूम तेव्हा पंधरा वर्षांचे होते. दीड वर्ष ते दर एक तारखेला स्टँडवरच्या पेपरवाल्याकडे जाऊन विचारत राहिले. शेवटी पेपरवाला त्यांना लांबून बघूनच मान हलवायला लागला.

‘संपूर्ण संच’ असा दाखला मिळावा म्हणून त्यांनी केंद्राकडे अर्ज केला होता. केंद्राने कळवलं की ज्या अंकाची जाहिरात झाली तो अंक नियमाप्रमाणे प्रकाशित धरला जातो. सबब संच अपुरा आहे. मग केंद्रानेच शोध घेतला. अठ्ठेचाळिसाव्या अंकाच्या दोन प्रती निघाल्या. एक चित्रकाराबरोबर पंचगंगेच्या घाटावर जळाली होती. दुसरी त्यांच्या पत्नीकडे, अंजनाबाईंकडे होती.

गुरुवारी मगदूम एसटीने कोल्हापूरला गेले.

अंजनाबाई पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होत्या. त्यांनी दार उघडलं, मगदूमांच्या हातातलं पत्र पाहिलं आणि म्हणाल्या, “तुझाच का तो अर्ज? ये, बस की.”

मगदूम खुर्चीच्या कडेवर बसले. “काकू, तुम्हाला त्रास दिला.”

“तरास कसला. चाळीस वर्षांत कुणी इचारलंच न्हाई.” त्या समोर पाटावर बसल्या. “सरकारी दवाखान्यात हुते हे. दुपारची येळ. म्हणाले, अंजना, हात चालत न्हाई आता, पण अंक तयार हाय. आणि हवेतच बोटानं एकेक चौकट आखून दाखवली मला. बत्तीस पानं. कोण कुठं उभा, कंदिलाचा उजेड कुठवर, सगळं. मी नुसती बघत बसले. दुसऱ्या दिवशी गेले.”

“आणि तुम्हाला सगळा आठवतो?”

“तोच तर घोळ हाय.” त्यांनी कोपऱ्यातल्या औषधांच्या पिशवीकडे बोट केलं. “डॉक्टर म्हणतात, इसरायचा आजार हाय. परवा भाचीचं नाव आठवंना. त्या केंद्राचा माणूस जेठ महिन्यात आला तवा साडेआठ गुण हुते. भादव्यात आला, साडेसात. म्हणाला, रोज आठवू नका, हाताळून झिजतंय. आणि न आठवावं तर फिकट पडतंय. मी म्हणलं, बाबा, मग करू काय?”

“काय म्हणाले?”

“म्हणाला, सीलबंद करा.”

मगदूमांनी बरोबर आणलेला तपासणीचा अहवाल गुडघ्यावर उलगडला. त्यांनी तो बसमध्ये वाचला होता. मुखपृष्ठ उत्तम. पान अकरावर ओलसर डाग, जुना. पान एकोणिसाचा कोपरा वारंवार हाताळल्याने दुमडलेला. पान सव्वीसवर खालची उजवी चौकट पुसट.

“एकोणिसाव्या पानावर काय आहे?” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

अंजनाबाईंचा चेहरा एकदम उजळला. त्या पाट पुढे सरकवून बसल्या. “सांगू? पहिल्यापासनं सांगते. ऐकतोस?”

मगदूमांना ऐकायचं होतं. पंधराव्या वर्षापासून ऐकायचं होतं. पण नियमावलीचं चौथं पान त्यांना पाठ होतं. तोंडी सांगितलेला अंक ऐकणाऱ्याकडे पुनर्मुद्रण म्हणून राहतो आणि संचात धरला जात नाही. मूळ प्रतीचे मात्र सांगताना अर्धा ते एक गुण कमी होतात. आणि सात गुणांच्या खालचा अंक संपूर्ण संचात चालत नाही. साडेसातातून एक गेला तर साडेसहा. त्यांनी मनात दोनदा वजाबाकी केली. उत्तर तेच आलं.

“नको, काकू,” ते म्हणाले. “राहू दे. झिजेल.”

अंजनाबाईंनी पाट मागे सरकवला. मग पदर सावरून उठल्या. “बरं,” त्या म्हणाल्या. “च्या ठेवते.”

सीलबंद करण्याचं काम पुढच्या बुधवारी सकाळी अकरा वाजता झालं. केंद्राचे परीक्षक कुंभोजकर स्वतः आले होते. शांत, बारीक आवाजात बोलणारा माणूस. हातांत पांढरे सुती हातमोजे. त्यांनी टेबलावर उघडी पेटी ठेवली, शेजारी कडा चिकटवण्याचं यंत्र ठेवलं आणि खिडकी लावून घेतली. मगदूमांना साक्षीदार म्हणून दाराजवळच्या स्टुलावर बसवलं.

“आजी, सील झाल्यावर अंक आपल्याकडे राहणार नाही,” कुंभोजकर म्हणाले. “हे समजलं ना?”

“ह्याच्याकडं राहील न्हवं?”

“हो. मगदूमांकडे.”

“मग चालतंय.”

“आणखी एक सांगणं माझं कर्तव्य आहे.” कुंभोजकरांनी चष्मा पुसला. “जुना अंक असला की त्याला काही ना काही चिकटलेलं असतं. ती दवाखान्यातली दुपार असेल. साहेबांचा आवाज असेल, त्यांचा हात. ते सोडवायला गेलं तर पान फाटतं. म्हणून आम्ही सोडवत नाही. अंकाबरोबर तेही जातं.”

“सगळं?”

“चिकटलेलं तेवढं.”

अंजनाबाईंनी मान वळवून मगदूमांकडे पाहिलं. त्या काही विचारत नव्हत्या, नुसत्या पाहत होत्या. आता थांबा म्हणता येतं, हे मगदूमांना कळत होतं. स्टुलावरून उठायचं, पेटीचं झाकण लावायचं आणि म्हणायचं, काकू, चला, पहिल्यापासून सांगा. एवढंच होतं. ते आपल्या चपलांकडे बघत राहिले.

“तसंबी जाणारच हाय,” अंजनाबाई शेवटी म्हणाल्या. “रोज एक चौकट गळती. मग निदान एका जागी तरी राहूदे. चालू करा.”

“डोळे मिटा. मुखपृष्ठापासून सुरुवात करा. घाई करू नका, मागे जाऊ नका. एका पानावर फार रेंगाळू नका.”

त्यांनी डोळे मिटले. बारा मिनिटं लागली. मगदूम त्यांच्या चेहऱ्यावरून पानं ओळखायचा प्रयत्न करत होते. सुरुवातीला कपाळावर आठी होती, मग ती गेली. कुठेतरी त्या गालात हसल्या. अकराव्या पानावर असाव्यात तेव्हा पापणीखालून पाणी आलं आणि कुंभोजकरांनी नोंदवहीत फक्त टिंब दिलं, कारण तो डाग आधीच धरलेला होता. पुढे एका जागी त्यांचे ओठ हलले आणि त्या स्पष्ट म्हणाल्या, “थांब की जरा.”

कुंभोजकरांनी मान वर केली. “तीन शब्द सांडले,” ते हळूच म्हणाले. “अर्धा गुण जाईल. सात.”

“सात चालतात,” मगदूम कुजबुजले. “ते कोण कुणाला म्हणतंय?”

“ते आत आहे.”

बत्तिसावं पान झालं तसा अंजनाबाईंनी एक मोठा श्वास सोडला. कुंभोजकरांनी झाकण बसवलं, यंत्र कडेवरून फिरवलं, बारीक गुणगुण झाली. वरच्या पट्टीत चिठ्ठी सरकवली : कंदीलवाला, अंक अठ्ठेचाळीस, सात. पेटी रिकामी दिसत होती. आरपार टेबलाची लाकडी रेघ दिसत होती.

अंजनाबाईंनी डोळे उघडले. त्यांनी दोघांकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि घरी आलेल्या पाहुण्यांशी बोलावं तसं म्हणाल्या, “तुम्ही च्या घेणार न्हवं?”

पेटी मगदूमांनी मांडीवर धरून एसटीतून आणली. रिकाम्या पेटीपेक्षा ती किंचित जड होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, “रिकामा डबा का एवढा जपताय?” तर ते म्हणाले, “अंक आहे.” बाईंनी बरं म्हटलं आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

घरी त्यांनी ती फळीवर सत्तेचाळिसाव्याच्या उजवीकडे ठेवली. पद्मल हात पुसत आली आणि बराच वेळ बघत उभी राहिली.

“काय झालं शेवटी? गेला का तो घरी?”

“माहीत नाही.”

“म्हणजे?”

“सीलबंद आहे. उघडता येत नाही. हवा लागली की उडून जाईल म्हणाले.”

“आणि त्यांनी सांगितलं नाही?”

“त्या सांगत होत्या. मीच नको म्हटलं.”

“ऐकून तरी घ्यायचं होतंत ओ,” ती म्हणाली आणि आत गेली.

‘संपूर्ण संच’ असा दाखला पंधरा दिवसांनी आला. सही, शिक्का, सगळं होतं. मगदूमांनी तो चौकटीत लावला. त्या रात्री नव्हे आणि दुसऱ्या दिवशीही नव्हे, पण आठवड्याभराने त्यांच्या लक्षात आलं की फळीसमोर उभं राहून आपण फक्त ती एकच पेटी बघतो. आणि बघण्यासारखं तिच्यात काहीच नाही.

ते पुन्हा शिवाजी पेठेत गेले. अंजनाबाईंनी दार उघडलं आणि त्यांना ओळखलं नाही. “लाइट बिलाचं का?” त्यांनी विचारलं. मगदूम नाही म्हणाले, इचलकरंजीहून आलोय म्हणाले. तेवढ्यावर त्यांनी आत घेतलं. चहा झाला. भिंतीवर हार घातलेला एक फोटो होता. बोलता बोलता अंजनाबाई म्हणाल्या, “ते आमचे मालक.” मगदूमांनी विचारलं, ते काय करायचे. अंजनाबाईंनी फोटोकडे नीट पाहिलं. “काम चांगलं हुतं त्यांचं,” त्या म्हणाल्या. “हाताला रंग असायचा.” त्यापुढे त्या गेल्या नाहीत.

मगदूम दर गुरुवारी जायला लागले. दरवेळी नव्याने ओळख सांगावी लागे. कधी भाजी नेत, कधी औषधं आणून देत. बोलायला फार काही नसे. फळीवरचा एखादा अंक न्यावा असं त्यांना वाटे, पण ते सगळे पेट्यांत होते.

माघात देवळाच्या महाद्वाराच्या बाजूच्या एका रद्दीच्या दुकानात त्यांना ‘कंदीलवाला’चा बारावा अंक मिळाला. मुखपृष्ठ नव्हतं, मधली चार पानं उंदराने कुरतडलेली, एका पानावर कुणी पोराने गणितं सोडवलेली. केंद्राने त्याला अर्धा गुणही दिला नसता. दुकानदाराने तो इतर रद्दीबरोबर तसाच बांधून दिला.

त्या गुरुवारी अंजनाबाई खिडकीपाशी उन्हात बसल्या होत्या. मगदूमांनी स्टूल त्यांच्या शेजारी ओढलं आणि अंक त्यांच्या मांडीवर पसरला. “काकू, वाचून दाखवू?”

“दाखव की. मला बारीक अक्षर दिसत न्हाई.”

मगदूम वाचू लागले. म्हशीचा अंक होता तो. म्हैस वाट चुकून तीन गावं पलीकडे आली होती आणि कंदीलवाला तिला प्रत्येक दारात उभी करून विचारत होता, ही तुमची का. म्हैस दरवेळी आत डोकावून बघायची आणि मान फिरवायची. अंजनाबाई हसायला लागल्या, तोंडाला पदर लावून, पोट धरून. कुरतडलेली पानं आली तेव्हा मगदूम म्हणाले, “इथलं नाही,” आणि त्या म्हणाल्या, “असूदे, फुडं चल.”

एका पानावर त्यांनी हात आडवा ठेवून मगदूमांना थांबवलं. पानभर अंधार होता आणि मधोमध कंदिलाचा एक वाटोळा उजेड. त्यात म्हशीचा एक डोळा. अंजनाबाईंनी त्या उजेडाच्या कडेवरून बोट फिरवलं. हळूहळू, एकदा पूर्ण.

“कुणी काढलंय रे हे?”

“केरबा पेंटरांनी,” ते म्हणाले.

“कुठले म्हणायचे?”

“इथलेच. कोल्हापूरचे.”

“हात चांगला हाय,” अंजनाबाई म्हणाल्या. त्यांनी आणखी थोडा वेळ पाहिलं, मग बोट उचललं. “उलट पान.”

मगदूमांनी पान उलटलं आणि पुढे वाचू लागले.