पायरीखालची मुलाखत

मुलाखत सोमवारी दुपारी दोनला सांगलीत होती, आणि शुक्रवारची पहाट उजाडली तरी विश्वजीतला बाटली एकदासुद्धा धड झेलता आली नव्हती.

रहिमतपूरच्या मळ्यातल्या गोठ्यात तो कडब्यावर उभा राहून बाटली वर फेकायचा. मोबाईलवरच्या व्हिडिओतला पोरगा ती पाठीमागून फेकून कोपरावर झेलायचा आणि वर हसायचासुद्धा. विश्वजीतची बाटली आधी कपाळावर आणि मग कडब्यावर पडायची. कडब्यामुळे बाटली शाबूत राहिली होती. कपाळाचं तसं नव्हतं, डाव्या भुवईवर चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं.

वय सत्तावीस. सैन्यभरतीत तीनदा आणि पोलिसभरतीत दोनदा नापास झाल्यावर त्याने साताऱ्याला हॉटेलचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता. त्यातून आलेलं हे पहिलं आणि एकुलतं एक बोलावणं, बारटेंडरच्या जागेसाठी. हे हुकलं तर पुढचं सगळं आयुष्य समोर रवंथ करत उभंच होतं. तशा गोठ्यात चार म्हशी होत्या.

घरी त्याने सांगितलं होतं, मॅनेजरची जागा आहे. त्याला कारण होते त्याचे वडील, रिटायर्ड सुभेदार हंबीरराव. कोर्सचं नाव काढलं त्याच दिवशी ते कडाडले होते, "चोवीस वर्सं सीमेवर हुबा राह्यलो मी! आन माझ्या पोरानं दुसऱ्याफुडं गिलास धरून हुबं ऱ्हायाचं? त्यापरास म्हशी राख!"

बाटली झेलणं जमत नाही म्हटल्यावर विश्वजीतने निदान बोलण्याचा सराव करायचं ठरवलं. गिऱ्हाईक म्हणून समोर मोठी म्हैस होती. तो कमरेत वाकला आणि म्हणाला, "वेलकम सर. काय घेणार सर? लार्ज का स्मॉल?"

म्हशीने मान हलवली.

"लार्ज? एकच मिनिट, सर."

नेमकी याच वेळी शेजारची धोंडुबाई शेण न्यायला आली होती. तिने दाराच्या फटीतून पाहिलं. पोराच्या हातात बाटली, कपाळाला टेंगूळ, पाय कडब्यात अडखळतायत आणि म्हशीला तो आग्रह करतोय. धोंडुबाईने शेणाची पाटी तिथेच टाकली आणि थेट विश्वजीतच्या आईचं, लीलाबाईंचं, स्वयंपाकघर गाठलं.

"वैनी, पोरगं हातचं गेलं! पहाटंच्या पारी पितंय. एकटं पीत असतं तर म्या बोलले नसते, म्हशीला बी घे म्हनतंय!"

लीलाबाईंच्या हातातली भाकरी तव्यावर दुमडून पडली. हंबीरराव गोठ्यात आले तेव्हा विश्वजीत बाटली कडब्यात खुपसत होता.

"आबा, पाणी हाय त्यात. कोरा च्या घातलाय रंगाला."

हंबीररावांनी वास घेतला. खरंच चहा होता. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण फौजी माणूस, साठा तपासल्याशिवाय त्याचं समाधान होईना. ते घरात गेले. कपाटात त्यांची मिलिटरी कँटीनच्या महिन्याच्या कोट्यातली रमची बाटली होती आणि लेबलावर पेनाने मारलेली रेघ होती. माल रेघेला बरोबर होता. त्यांनी बुचात दोन थेंब घेऊन जिभेला लावले आणि त्यांचे डोळे विस्फारले.

"ह्यात वेलदोडा कुठनं आला रं?"

विश्वजीतच्या तोंडचं पाणी पळालं. मुलाखतीत वासावरून दारू ओळखायला लावतात असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून बुधवारी त्याने ती बाटली गोठ्यात नेली होती आणि मोह न आवरून एकदा, एकदाच, वर फेकली होती. बूच निघालं, निम्मी रम कडब्याने प्यायली. मग त्याने घरातला चहा गाळून रेघेपर्यंत भरला. लीलाबाई कोऱ्या चहातसुद्धा वेलदोडा घालतात, हे तो विसरला होता.

आता दोनच वाटा होत्या. बारटेंडर व्हायचंय हे कबूल करायचं किंवा बेवडा ठरायचं. आबांच्या मिशीकडे बघत त्याने क्षणभर विचार केला आणि खाली मान घालून म्हणाला, "चुकलं आबा. पुन्यांदा न्हाई पिणार."

यातून सुटका होईल असं त्याला वाटलं होतं. रविवारी सकाळी त्याला अंघोळ घालून पालीच्या खंडोबाला नेण्यात आलं. हातात बेल आणि भंडारा देऊन हंबीररावांनी शपथ स्वतः सांगितली. ती गुरवाने सांगितली असती तर एका वाक्यात आटोपली असती.

"म्हन. दारू पिणार न्हाई."

"पिणार न्हाई."

"बाटलीला हात लावणार न्हाई."

विश्वजीतला घाम फुटला. "आबा, हात तर... आय फिनेलची बाटली मागती तवा..."

"दारूच्या बाटलीला! म्हन. आन जितं ती मिळती तितली पायरी चढणार न्हाई."

मागे लीलाबाई पदराला डोळे पुसत होत्या. धोंडुबाई साक्षीला मुद्दाम आली होती. विश्वजीतने देवाकडे पाहिलं, देव भंडाऱ्याने पिवळाधमक दिसत होता. तो ते शब्द बोलला आणि आपली नोकरी लागायच्या आधीच गेली हे त्याला कळून चुकलं. परतीच्या वाटेवर जीपमध्ये तो भंडाऱ्याने पिवळे झालेले तळहात बघत बसला. सगळ्यांना वाटलं, पश्चात्ताप झालाय.

सोमवारी तरी एकट्याने जाऊन हॉटेलवाल्याचे हातपाय जोडावेत, एवढीच आशा उरली होती. पण सकाळी बघतो तर हंबीरराव कडक इस्त्रीची पँट घालून, मेडल लावून तयार.

"मी येतोय संगं. शपथ ताजी हाय, सांगलीत शंभर बार हायती."

"आबा, मॅनेजरच्या मुलाखतीला बापाला आणत न्हाईत."

"तितं बी शिस्त कळू दे त्यास्नी."

रहिमतपूर स्टेशनापासून सांगलीपर्यंत विश्वजीत खिडकीबाहेर बघत राहिला. गाडीचा खोळंबा व्हावा, इंजिन बंद पडावं, काहीही व्हावं असं त्याला मनापासून वाटत होतं. त्या दिवशी गाडी पाच मिनिटं आधी पोचली.

हॉटेलासमोर हंबीररावांनी मान वर करून पाटी वाचली. मग सावकाश पुन्हा वाचली. 'सुवर्णतारा परमिट रूम'.

"विशा, मॅनेजर कशाचा?"

विश्वजीतला रडूच आलं. पायरीखाली उभ्या उभ्या त्याने सगळं सांगून टाकलं, म्हैस, कडबा, वेलदोडा, बारटेंडर. "पीत न्हाई ओ मी आबा. एक थेंब कवा घेतला न्हाई. नोकरी पायजे हुती, येवढंच."

हंबीररावांचा चेहरा लाल झाला. ते "चल माघारी" म्हणणार, एवढ्यात मालक आप्पासो दारात आले.

"मुलाखतीला न्हवं? या की वर."

"वर येता येत न्हाई," विश्वजीत म्हणाला. "बेल-भंडारा उचललाय कालच."

आप्पासो थबकले. त्यांचंही कुलदैवत खंडोबाच. त्यांनी कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि मागे वळून हाक मारली, "इंद्रजित, टेबल खाली आण! देवाच्या शपथंला आपल्यानं बाध नगं."

पार्किंगमध्ये कडुलिंबाच्या झाडाखाली टेबल लागलं. इंद्रजित नावाच्या वेटरने बाटली, सोडा, ग्लास आणून मांडले. विश्वजीत हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

"हात लावायचा न्हाई म्हन्तोस," आप्पासो म्हणाले, "मग तोंडानं सांग. हा भरतोय, चुकतंय कुठं बोल."

इंद्रजितने ग्लास उचलला, दोन बोटं आत घालूनच. विश्वजीत पाठ केलेलं आठवू लागला, पण त्याच्या डोक्यात आठवणीच्या जागी नुसता कडबा भरला होता. इंद्रजितने रम भसकन ओतली, त्यावर सोडा ओतला, फेस टेबलभर झाला.

"अरं बोटं काड ग्लासातनं, गाढवा!"

हे आप्पासो नव्हते. हंबीररावांनी पुढे होऊन इंद्रजितच्या खांद्यावरचं फडकं ओढलं, डाव्या हातावर टाकलं आणि नवा ग्लास उजेडात धरून पाहिला. मापातून रम ओतली, एक थेंब इकडेतिकडे नाही. ग्लास तिरका धरून कडेने सोडा सोडला. बर्फ चिमट्याने. मग ताटलीत ग्लास ठेवून, कमरेत बरोबर वाकून ते आप्पासोंना म्हणाले, "युअर ड्रिंक, सर."

आप्पासोंनी एक घोट घेतला.

"कुठं शिकला?" आप्पासोंनी विचारलं.

"आफिसर मेस," हंबीरराव जमिनीकडे बघत म्हणाले. "चोवीस वर्सं. बारचा चार्ज माझ्याकडंच हुता."

"आबा!" विश्वजीत कसाबसा म्हणाला. "तुमी तर सीमेवर..."

"सीमेवर मेस नसती व्हय रं?"

आप्पासोंनी तिथल्या तिथे हंबीररावांचा हात धरला. असा माणूस आपण दोन वर्षं शोधतोय, उद्यापासून या, म्हणाले. हंबीरराव आधी नको नको म्हणाले, मग त्यांनी फडक्याची घडी घातली आणि हो म्हणाले. विश्वजीतने आपल्या फाईलकडे पाहिलं. तिच्यातलं एकही पान कुणी उघडलं नव्हतं.

परतीच्या गाडीत हंबीररावांनी मेडल काढून खिशात ठेवलं. विश्वजीत म्हणाला, "आबा, तुमच्या हाताखाली मला घ्या की. शपथ तुमीच घातली, तुमीच सोडवा."

हंबीरराव ताठ झाले. "बेल-भंडारा हाय त्यो, पोरखेळ न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन हे बघ, घरी बोलू नगं. मॅनेजर म्हनायचं."

आता हंबीरराव रोज सकाळच्या गाडीने सांगलीला जातात. आप्पासोंनी दया येऊन विश्वजीतलाही कामावर घेतलंय. तो पार्किंगमध्ये शिट्टी घेऊन गाड्या लावतो आणि डबासुद्धा लिंबाखालीच खातो. दुपारी आतून ग्लासांचा आवाज आला की त्याचे हात आपोआप पाठीमागे बांधले जातात.

गेल्या महिन्यात धोंडुबाई भाचीकडे सांगलीला गेली होती. तिने त्याला रस्त्यावरून पाहिलं आणि गावात येऊन लीलाबाईंना समाधानाने सांगितलं, "वैनी, पोरगं पार सुदारलं बगा. बाप मालकागत आत बसतोय, पर ह्यो पायरी बी चडत न्हाई."

लीलाबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि विश्वजीतने ती मुकाट्याने खाल्ली.